देवीलालभाऊ म्हणतात, चार

नाही नाही, पंक्चर नाही काढायचं भाऊ, गाडी आणलीच नाही मी — गावाहून काळीपिवळी जीपनं आले, स्टँडवरून पायी. हो, तीच मी, भगवानरावांची सून, निकिता, स्कूटीत हवा भरायला येते ती. आज हवा पण नको. तुम्ही काम करत राहा, ते टायर काढा निवांत रिंगमधून, मी इथं स्टुलावर बसते अन् बोलते. हसा, हसा — मी बोलते म्हटल्यावर हसू येणारच, चार महिन्यांत मी तुमच्याशी दोनच वाक्यं बोललेय, 'पुढं बावीस' अन् 'मागं छत्तीस'. घरी तर त्याहून कमी. पण आज वेळ कमी आहे अन् बोलायचं फार आहे, म्हणजे उलटं झालंय सगळं. मामाजी, माझे सासरे, जिनिंगवर कापूस घेऊन गेलेत, काट्यावर त्यांचा नंबर सातवा आहे. ट्रॉली खाली झाली की ट्रॅक्टर घेऊन ते सरळ इथं येणार, तुमच्याकडं. तुम्हाला एक गोष्ट विचारायला. अन् ती गोष्ट तुम्ही आम्हाला आधीच सांगितलेली आहे. म्हणजे — तुम्ही सांगितलेली नाही, पण आमच्या घरी तुम्ही सांगितलेली आहे. असं बघू नका भाऊ, सांगते ना. मी घरून शिंप्याकडून ब्लाउज आणायला निघाले आहे. ब्लाउज मंगळवारीच आणला होता, तो पुन्हा पिशवीत घालून आणलाय, परत नेण्यासाठी. इतकी तयारी तर मी लग्नाची केली नव्हती.

कपिल — म्हणजे आमचे हे — कॅनडात असतात ते तर माहीत आहे तुम्हाला, सगळ्या राळेगावला माहीत आहे. विनिपेग म्हणून गाव आहे. तिथं आत्ता, दिवाळी संपून पंधरा दिवस नाही झाले तर उणे बारा. उणे, भाऊ. आपल्याकडं बारा झालं तर सासूबाई शेगडी घेऊन बसतात, तिकडं बाराच्या आधी उणे लागतं अन् लोक म्हणे कामावर जातात. मी बर्फ आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलाय, पुसदला माहेरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, अन् तोही उलथन्यानं खरवडून काढलाय. तर यांनी गाडी घेतली, जुनीच, निळी, लांब नाकाची. दिसायला फार छान. तिचं एकच आहे की तिला मागची चाकं ओढतात — ओढतात नाही, ढकलतात. हो, ट्रॅक्टरसारखी. बघा, तुम्ही पण लगेच ट्रॅक्टरच म्हणालात! इथंच तर सगळी गडबड आहे.

झालं असं, तिकडं हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. खरंच असतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर अन् त्यात बर्फाची चांदणी, असा ठसा असतो त्यावर, तो असला तर खरा, नुसतं लिहिलेलं असलं तर नाही. ते बसवायचे म्हणून यांनी तिथल्या दुकानात नंबर लावला. दुकानदार म्हणाला चार बसवा. आता कोणीही माणूस हो म्हणाला असता. पण आमच्या घरात गाडीची गोष्ट मामाजींना विचारल्याशिवाय होत नाही, मग गाडी राळेगावात असो की विनिपेगमध्ये. मोबाइल तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचा, स्पीकर मोठा, मामाजी खुर्चीवर, सासूबाई खाली, मी दाराच्या चौकटीत — अन् यांनी विचारलं, बाबा, दोन का चार? मामाजींनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा समजायचं, निकाल लागला. "गाडी मांगून ढकलते ना? मंग मांगचे दोन टाक. टॅक्टरच्या पुढच्या चाकाले कोण पाह्यते? अन् तो दुकानदार तं चारच म्हणन, त्याले विकाचे हायेत. डिक्कीत दोन पोते रेती ठेव, अजून पकडन." सासूबाई म्हणाल्या, "रेती कायले? तांदूळ ठेव दोन कट्टे. गाडी अडली तं खाता तरी येईन." हे म्हणाले, बरं बाबा. मग म्हणाले, निकिता आहे का? मी चौकटीतून पुढं आले अन् म्हटलं, जेवलात का? एवढंच. रोज एवढंच म्हणते. तिकडं सकाळचे आठ वाजलेले असतात, हे कामावर चहाच्या सुट्टीत, कोण जेवतं सकाळी आठला? पण मी विचारते अन् ते रोज हो म्हणतात. असा आमचा संसार आहे.

पोत्याचं बरोबर आहे बरं का, रेतीचं. मी वाचलं, तिकडचे लोक खरंच ठेवतात, मागं भार आला की मागची चाकं पकडतात. मामाजी चूक नाहीत, अर्धे बरोबर आहेत, अन् अर्ध्या बरोबर माणसाला समजावणं फार कठीण. पूर्ण चूक असते तर मी गप्प बसले असते — नाही, खोटं बोलले, मी तसंही गप्पच बसले.

आता तुमची गोष्ट. रागावू नका. सुरुवात खरीच झाली होती. श्रावणात तुम्ही मला म्हणालात, वैनी, हवा कमी आहे, आठवड्याला पाहत जा. ते मी घरी सांगितलं अन् मामाजी लगेच उठून मोटारसायकलची हवा पाहायला गेले. भाऊ, लग्न होऊन आल्यापासून त्या घरात माझ्या वाक्यानं कोणी जागेवरून उठलं नव्हतं. मी तर बघतच राहिले. मग मी आणखी एकदा करून पाहिलं. स्कूटी उन्हात उभी असायची, म्हटलं, देवीलालभाऊ म्हणतात सावलीत ठेवा, रबर तडकतं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री बांधली. हे तरी टायरचं होतं, तुम्ही विचारलं असतं तर म्हणालाच असता. पुढं — पुढं जरा वाढलं. तुम्ही आमच्याकडं म्हणालात की पुसदच्या रस्त्याचं काम झालंय, आता खड्डे नाहीत, म्हणून मी दिवाळीला माहेरी जाऊन आले. तुम्ही म्हणालात की भाजीत तेल कमी केल्यापासून तुमच्या घरच्यांचे गुडघे दुखायचे राहिले. बरे आहेत ना त्यांचे गुडघे? दुखतच नव्हते? मग तर उत्तम. तुम्ही म्हणालात की मोबाइल सारखा स्पीकरवर ठेवला की बॅटरी फुगते. ते मात्र मामाजींनी ऐकलं नाही, म्हणाले, "देवीलालले टायरातलं समजते, बॅटरीतलं नाही." तेव्हा मला कळलं की तुमची पण एक हद्द आहे, अन् मला वाईट वाटलं, तुमच्यासाठी.

हो, तुम्हीच काहून? कारण तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवता. 'अजून सहा महिने चालते, कायले बदलवता' म्हणता. सगळ्या तालुक्यात तुम्ही एकटे टायरवाले की जे टायर विकत नाहीत, म्हणून तुमचा शब्द चालतो. शिवाय विनिपेगला तुमचं दुकान नाही. तर — मी म्हटलं, देवीलालभाऊ म्हणतात, चार. अन् मामाजी म्हणाले, "देवीलाल म्हणते? थांब मंग, कापूस घेऊन चाललोच हावो, त्यालेच विचारतो." तर भाऊ, ते आले अन् त्यांनी विचारलं की तुम्ही फक्त एक शब्द म्हणायचा. चार. बस. बाकी माझ्यावर काही—

काय म्हणालात?

दोन? भाऊ, तुम्ही पण? चार महिने माझ्याकडून इतकं शहाण्यासारखं बोलत आलात अन् ऐन वेळेला दोन?

थांबा, ती टायर उचकटायची टामी खाली ठेवा जरा. ठेवा. इकडं बघा. टायरची पकड कशासाठी लागते? गाडी पुढं जायला — बरोबर. अन् वळायला? वळतात कोणती चाकं? पुढची. अन् थांबायला? ब्रेक मारला की भार कुठं येतो? एसटीत ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की आपलं डोकं पुढच्या सीटवर आपटतं, तसा गाडीचा सगळा भार पुढच्या चाकांवर येऊन पडतो. म्हणजे मागं दोन चांगले टाकले की गाडी निघते मस्त, चढते मस्त, माणसाला वाटतं आता काही भीती नाही, तो वेग घेतो — अन् मग वळायची वेळ येते, थांबायची वेळ येते, ते काम पुढच्यांचं, अन् पुढचे तर उन्हाळ्याचे. उन्हाळ्याचं रबर त्या थंडीत कसं होतं? तूप थिजतं तसं. सात डिग्रीच्या खाली गेलं की कडक. बर्फावर पाटा ठेवल्यासारखं. हिवाळ्याच्या टायरचं रबर जवसाच्या तेलासारखं, कितीही थंडी पडो, थिजत नाही. नक्षी नंतरची गोष्ट, आधी रबर. अन् उलटं केलं, पुढं दोन चांगले अन् मागं तसेच, तर पुढचं थांबतं अन् मागचं फिरून समोर येतं, गाडी आपलीच पाठ बघते. म्हणून चार. चारही सारखे. मला कसं ठाऊक? वाचलं भाऊ. दुपारी सासूबाई पडतात अन् मी तुरी निवडायला बसते, परात समोर अन् मोबाइल परातीच्या काठाला. सव्वादोनशे, पंचेचाळीस, सतराची रिंग — हा त्यांच्या टायरचा नंबर, झोपेतून उठवलं तरी सांगेन. चपलेचा नंबर विचाराल तर नाही सांगता येणार. भाजी कोणती आवडते तेही सासूबाईंना विचारावं लागतं. मी या तालुक्यातली एकमेव बाई असेन की जिला नवऱ्याच्या टायरच्या खाचांची खोली मिलिमीटरमध्ये माहीत आहे अन् चहात साखर किती ते माहीत नाही. एकोणीस दिवस होते ते लग्नानंतर इथं, त्यातले अकरा दिवस पाहुणे होते, तीन दिवस देवदर्शन. उरले किती? जाऊ द्या, ते मोजून झालंय माझं.

काय? कोणाचा, खेमसिंगचा ट्रॅक्टर? नाही, तो कसा पडला ते मला पूर्ण माहीत नाही, मामाजी हसत हसत सांगतात एवढंच ऐकलंय. — हां. हां. — म्हणजे मागचे नवेकोरे तुम्हीच टाकले होते? अन् पुढचे घासून गोटे झालेले? तुम्ही म्हणाला होतात त्याला की पुढचे पण पहा? अन् चिखलातून मस्त निघाला, अन् नाल्याच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी सरळच गेला, सोयाबीनमध्ये? पूर्ण फिरवलेलं होतं? — भाऊ! भाऊ, हेच तर! बर्फ म्हणजे हेच, फक्त पांढरं! आपली काळी माती पावसात काय वेगळी असते? हे मला इतके दिवस सुचलं नाही, मी आपली मिलिमीटर अन् डिग्री करत बसले, अन् तुमच्याकडं खेमसिंग तयार होता. हे सांगा मामाजींना. आता तर तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही, आता तुम्हाला पटलंय. पटलंय ना? मान हलवली की नाही तुम्ही नक्की? हलवली.

नाही, रडत नाहीये. ते सोल्युशनचा वास जातो डोळ्यांत.

तुम्ही म्हणाल, सरळ नवऱ्यालाच काहून नाही सांगितलं. विचारत नाही तुम्ही, पण टायर फिरवता फिरवता थांबलात ना मघाशी, तेव्हा तेच मनात आलं असेल. सांगितलं होतं. आधी त्यांनाच सांगितलं होतं. ही गाडी — ही निळी — माझ्यामुळं घेतली त्यांनी. तीन गाड्यांचे फोटो पाठवले, खाली लिहिलं, कोणती? मला आजवर कोणी, कोणती, असं विचारलं नव्हतं भाऊ, साड्या पण सासूबाई अन् आई मिळून ठरवायच्या. मी दोन तास ते फोटो पाहिले. दोन पांढऱ्या होत्या, बसक्या नाकाच्या, पुढच्या चाकांनी चालणाऱ्या — ते आता कळतंय, तेव्हा मला चाकाला काही ओढावं लागतं हेच माहीत नव्हतं, मला वाटायचं गाडी चालते. मी लिहिलं, निळी छान आहे. अन् त्यांनी निळी घेतली. बापाला न विचारता घेतली, पहिल्यांदा. मी त्या दिवशी ओट्यावर बसून इतकी खूश होते की दूध उतू गेलं.

अन् गेल्या रविवारी पहिला बर्फ पडला. यांनी मला आवाजाचा मेसेज पाठवला, घरी सांगू नको म्हणून, अन् बघा मी तुम्हाला सांगतेय, तुम्ही घरातले नाही ना. सिग्नल लाल होता. ब्रेक मारला. गाडी थांबलीच नाही. हळूहळू, अगदी आरामात, म्हणे, लाल सिग्नलमधून पूर्ण चौक ओलांडून पलीकडं गेली अन् फूटपाथला टेकून उभी राहिली. डावीकडून एक मोठा ट्रक येत होता, तो हॉर्न वाजवत मागून निघून गेला. "काही नाही झालं, गंमत झाली," असं हसत हसत सांगितलं त्यांनी. पण 'गंमत' अन् 'झाली' याच्या मधे एक श्वास घेतला. तेवढा श्वास मी किती वेळा ऐकला असेल, विचारू नका. मी त्यांचा आवाज फारसा ओळखत नाही, पण तो श्वास आता ओळखते.

मग मी वाचायला लागले अन् वाचून झालं तेव्हा लिहिलं, चार घ्या. दोनच शब्द, पण ते लिहायला मला अर्धा तास लागला. त्यांनी उलट लिहिलं, कोण म्हणतं? बस एवढंच, सहज. आता तिथं काय लिहायचं होतं? एक अक्षर. 'मी'. मोबाइलवर ते सगळ्यात सोपं अक्षर आहे, म दाबलं की खाली आपोआप येतं. अन् माझी बोटं काय म्हणाली? देवीलालभाऊ. निळी छान आहे हे कोण म्हणालं होतं ते मला आठवलं ना, म्हणून. एकदा माझं ऐकून ते चौकात सरळ गेलेत. म्हटलं, या वेळी तुमचं ऐकू द्या. मग त्यांनी स्पीकरवर बाबांना सांगितलं, देवीलालभाऊ चार म्हणतो म्हणे, मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, मी पण तेच म्हटलं, अन् पुढचं तर तुम्हाला माहीतच आहे. आज तिकडं सकाळी नऊला नंबर आहे टायरचा, कामावरून मधेच सुटून जाणार. अन् त्याच्या आधी सहाला ते कामावर निघतात, त्याच चौकातून. म्हणजे — आता इथं पाच वाजले — अर्ध्या तासानं निघतील. मामाजी दोन म्हणाले तर ते दोन टाकतील अन् बरं बाबा म्हणतील. ते खूप चांगले आहेत भाऊ, सगळ्यांना बरं म्हणतात, हाच एक—

आले. आवाज ऐकलात? आमचाच ट्रॅक्टर, त्याची पुढची पाटी वाजते. आले, मी उठते. भाऊ, ध्यानात ठेवा, आधी खेमसिंग, मग चार. अन् गुडघ्यांचं काही विचारलं तर राहिले म्हणा.

या मामाजी. हो, ब्लाउज झाला. मिळाला. इथं? इथं सहज, स्कूटीचं विचारायला आले होते, हवेचं. — हो, भाऊ आहेत ना, विचारा ना तुम्ही.

...

भाऊ? बोला ना. मामाजी विचारताहेत, दोन का चार.

अन् ती टामी माझ्याकडं काय दाखवताय? — नाही मामाजी, ते — भाऊ, असं नका करू — ते म्हणताहेत मला विचारा, पण ते गंमत करताहेत, ते — नाही. नाही मामाजी, गंमत नाही करत ते. त्यांनी नव्हतं सांगितलं. हो. मीच. हवेचं खरं होतं, बाकीचं माझं. तेलाचं पण. — चार, मामाजी. मागचे ढकलतात, पण वळायचं अन् थांबायचं काम पुढचे करतात. खेमसिंग सरळ सोयाबीनमध्ये गेला तसं होईल. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं होतं त्याचं, भाऊंना विचारा. — झालंय तसं एकदा. रविवारी. सांगू नको म्हणाले होते. — काही लागलं नाही. गाडीला पण नाही. मामाजी, बसा, स्टूल घ्या हे.

हो. लावते फोन. आत्ताच लावते, उठले असतील.

वाजतोय.

हॅलो — अहो, मी. निकिता. नाही, स्पीकरवर नाहीये. नाही, जेवलात का ते नाही विचारायचं. ऐका. चारही बसवा आज. अन् आत्ता कामावर गाडी नेऊ नका, बसनं जा, नऊला फक्त दुकानापर्यंत काढा, अगदी हळू. — कोण म्हणतं? मी. — नाही, देवीलालभाऊ नाही, बाबा पण नाही, मीच म्हणते. निळी मीच म्हटली होती ना, मग हेही मीच म्हणते. — हॅलो? आहात ना? — काय? — हो. घाबरले होते. खूप. — थांबा, ठेवू नका, एक मिनिट.

मामाजी, भाऊ — तुम्ही दोघं जरा ते तिकडचे टायर बघा बरं जाऊन.